इंडिपेंडंट शाळेचं मिडल स्कूल: अभ्यासक्रमात नक्की बघायचं काय?

झुळूक

लेक पाचवीत आहे, इथे अमेरिकेत पब्लिक (म्हणजे सरकारी, फुकट) शाळेत, आणि शाळेबद्दल तशी काही तक्रार नाही. पण आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचं (भागातल्या पब्लिक शाळा चालवणारी संस्था) मिडल स्कूल अवाढव्य आहे आणि ही पोरगी हात वर न करणारी, मागच्या बाकावर गुपचूप बसून सगळं ऐकणारी. म्हणून दोन इंडिपेंडंट (म्हणजे फी घेणाऱ्या खाजगी) शाळांना अर्ज टाकले होते, त्यातल्या एकीकडून सहावीसाठी ऑफर आलीये, थोडी फायनान्शियल एड पण आहे. आता डिपॉझिट भरायची वेळ आली आणि आमच्या घरात रोज रात्री चर्चासत्र.

त्यांनी सहावी ते आठवीचं करिक्युलम गाइड पाठवलंय. एकदम चकाचक, फोटो काय, रंग काय. पानापानावर इन्क्वायरी, क्रिटिकल थिंकिंग, होल चाइल्ड, ग्लोबल सिटिझन. सगळं वाचून झालं तरी सहावीत गणितात नेमकं काय शिकवणार हे मला सांगता येईना. नवऱ्याचं म्हणणं, जे लोक स्टेटची परीक्षाच देत नाहीत त्यांचं मोजमाप करायचं कशावर?

इथे ज्यांची मुलं अशा शाळेत आहेत किंवा होती, किंवा कुणी शिकवत असेल, तर सांगा ना, या गाइडमधे वाचायचं काय आणि शाळेला विचारायचं काय. शाळेचं नाव लिहिणार नाही, कृपया विचारू नका. आणि फी योग्य की अयोग्य हा वाद इथे नको, त्यासाठी आमचं घर पुरेसं आहे. फक्त अ‍ॅकॅडमिक्सबद्दल बोलूया.

निवांत

फीचा वाद नको म्हणालात म्हणजे तिसऱ्या प्रतिसादात येणार. बसतो इथेच.

टोकदार

तिसऱ्यात कशाला, हा घ्या. न्यू यॉर्कमधल्या नावाजलेल्या शाळांची फी वर्षाला ६० हजार डॉलरच्या वर गेलीये, इतर ठिकाणी कमी असेल पण फुकट कुठेच नाही, त्यामुळे "अ‍ॅकॅडमिक्स" फीपासून वेगळं काढून बोलता येत नाही. पैसे देऊन जे मिळतं ते फुकट मिळणाऱ्यापेक्षा किती जास्त आहे, प्रश्न तोच आहे ना?

आता मुद्द्याचं. पब्लिक शाळेत काय शिकवायचं ते स्टेट स्टँडर्डमधे लिहिलेलं असतं, कुणीही उघडून वाचावं. शाळेचे निकाल जाहीर होतात. शिक्षकाला लायसन्स लागतं. इंडिपेंडंट शाळेत यातलं काहीही सक्तीचं नाही बहुतेक राज्यांत. म्हणजे तुम्ही विश्वासावर पैसे टाकताय. वर मोठ्या शाळेचा एक फायदा लोक विसरतात, एका इयत्तेत तीन-चारशे मुलं असली की गणिताचे तीन-चार स्तर करता येतात, आठवीत जिऑमेट्रीचा वर्ग भरवता येतो, पूर्ण ऑर्केस्ट्रा उभा राहतो. चाळीस मुलांच्या इयत्तेत ऑर्केस्ट्रा कसा करणार? चार व्हायोलिन आणि एक ट्रम्पेट.

झुळूक

@टोकदार, हे स्तरांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. या शाळेत एका इयत्तेत ४५ च्या आसपास मुलं आहेत.

पाटीपेन्सिल

मी अशाच एका शाळेत सहावी-सातवीला इतिहास शिकवते, त्यामुळे माझं मत थोडं आतल्या गोटातलं आहे, तेवढं सोडून वाचा.

टोकदार म्हणतात ते बरोबर आहे, स्टेटचं बंधन आमच्यावर जवळजवळ नाही. कॉमन कोअर (बहुतेक राज्यांनी घेतलेलं इंग्लिश-गणिताचं समान स्टँडर्ड) २०१० मधे आलं तेव्हा पब्लिकवाल्या मैत्रिणींची नुसती धावपळ चालली होती आणि आमच्याकडे एक मीटिंग झाली आणि विषय संपला. काय शिकवायचं ते विषयाचे शिक्षक आणि डिपार्टमेंट हेड ठरवतात, वरून शाळाप्रमुख आणि बोर्ड ऑफ ट्रस्टीज. बाहेरचं कुणी बघतच नाही असं मात्र नाही, अ‍ॅक्रेडिटेशनसाठी (शाळेच्या मान्यतेसाठी) काही वर्षांनी दुसऱ्या शाळांमधले लोक येऊन वर्गात बसतात, कागद तपासतात. पण ते शाळा आपल्या ध्येयाप्रमाणे चाललीये का एवढं बघतात, तुमच्या मुलीला अपूर्णांक येतात का ते नाही.

या मोकळीकीचा फायदा-तोटा दोन्ही एकाच जागी असतात. चांगला शिक्षक असेल तर तो एका गोष्टीवर तीन आठवडे रेंगाळू शकतो. मी सहावीला मेसोपोटेमिया शिकवताना हम्मुराबीच्या कायद्यातली कलमं मुलांच्या हातात देते, धडा नंतर. बांधलेलं घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड, इथपर्यंत पोरं ठीक असतात. पण मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारायचं, हे वाचलं की वर्गात गलका होतो. मग डोळ्याबद्दल डोळा, पण डोळा सामान्य माणसाचा असेल तर चांदी देऊन सुटका. "मग हा कायदा सगळ्यांसाठी एकच आहे का?" एवढा एक प्रश्न आणि त्यावर एक परिच्छेद, पुरावा म्हणून कलमातले शब्द द्यायचे. तो परिच्छेद मी तपासून परत देते, ते पुन्हा लिहितात, मी पुन्हा तपासते. वर्गात पंधरा-सोळा मुलं असतात आणि माझ्याकडे चार वर्ग, म्हणून हे जमतं. पब्लिकमधे माझ्या मैत्रिणीकडे एकूण सव्वाशेच्या वर मुलं आहेत, ती माझ्यापेक्षा चांगली शिक्षिका आहे, पण प्रत्येकाचा कच्चा खर्डा दोनदा वाचणं तिला शक्यच नाही.

आणि उलट बाजू, शिक्षक आळशी किंवा नवखा असेल तर तेच तीन आठवडे झिगुरातची (मेसोपोटेमियातल्या पायऱ्यांच्या मंदिरांची) पुठ्ठ्याची मॉडेलं करण्यात जातात आणि त्याला प्रोजेक्ट बेस्ड लर्निंग म्हणतात. गाइडमधे दोन्ही वर्गांचं वर्णन शब्दशः सारखं असेल.

म्हणून माझा सल्ला: गाइड बाजूला ठेवा. शाळेला सांगा की सातवीतल्या मुलांचं तपासलेलं लिखाण दाखवा, नावं झाकून. वर्षाच्या सुरुवातीचं एक, शेवटचं एक. भिंतीवर लावलेलं नको, ते निवडून लावलेलं असतं. शिक्षकाने समासात काय लिहिलंय ते वाचा. नुसतं "छान!", "सुंदर कल्पना!" आहे की "हा तुझा दावा झाला, पुरावा कुठाय?" असं काही आहे. दाखवायला कां कूं केली तर तेही उत्तरच.

उंबरठा

पाटीपेन्सिल यांना +१००. आमची थोरली सहावी ते आठवी अशा शाळेत होती, आता पब्लिक हायस्कूलमधे दहावीत आहे. तिला तिथून काय मिळालं विचाराल तर लिखाण आणि बोलणं, दोनच गोष्टी, पण त्या पक्क्या. नववीत इंग्लिशच्या टीचरला मेल करून "मला या निबंधात अमुक कळलं नाही, भेटायला येऊ का" असं विचारायला तिला काहीच वाटलं नाही, तिच्या वर्गातली मुलं शिक्षकांशी बोलायला बिचकत होती. हे अ‍ॅडव्हायझरीमुळे झालं असं मला वाटतं. आठ-दहा मुलांमागे एक शिक्षक, रोज सकाळी भेटणार, आणि कॉन्फरन्सला आईबाप नुसते ऐकायला, पोर स्वतः सांगणार माझं काय बरं चाललंय आणि काय नाही. पहिल्या वेळी आमची रडली होती, तिसऱ्या वेळी आम्हालाच गप्प बसवलं.

गणितात मात्र आमचा तोटा झाला, ते सविस्तर @बेरीजवजाबाकी लिहितीलच, त्यांना हा विषय दिसला की राहवत नाही.

बेरीजवजाबाकी

नाही राहवत हे खरं आहे.

झुळूक, गणितासाठी एकच गोष्ट आधी पक्की करा, आठवी संपताना मुलं कुठे असतात. अल्जिब्रा वन पूर्ण होतं का, सगळ्यांचं का काहींचं, आणि कोणतं कुणी हे कधी ठरतं. कारण पुढची साखळी सरळ आहे, आठवीत अल्जिब्रा वन, नववीत जिऑमेट्री, दहावीत अल्जिब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस, बारावीत कॅल्क्युलस. आठवीत झालं नाही तर बारावीच्या आधी कुठेतरी उन्हाळ्यात एक कोर्स कोंबावा लागतो किंवा कॅल्क्युलस कॉलेजात. त्याने आकाश कोसळत नाही, पण निर्णय आपण घ्यावा, तो आपोआप होऊन जाऊ नये.

आणि टोकदार, पब्लिकमधे हे सगळं दगडावर कोरलेलं असतं असं काही नाही हं. सॅन फ्रान्सिस्कोच्या डिस्ट्रिक्टने २०१४ मधे आठवीतलं अल्जिब्रा काढून सगळ्यांना नववीत ढकललं, मग दहा वर्षं पालकांची भांडणं, २०२४ मधे मतदारांनी परत आणा म्हणून कौल दिला.

आता छोट्या शाळेतली खरी अडचण. ४५ मुलं म्हणजे तीन वर्ग. शाळा स्तर पाडत नसेल तर एकाच वर्गात, ज्याला ऋण संख्यांची वजाबाकी अजून जड जाते तो आणि जी घरी मॅथकाउंट्स स्पर्धेची गणितं सोडवते ती, दोघं शेजारी शेजारी. शाळा म्हणेल आम्ही डिफरन्शिएट करतो, म्हणजे प्रत्येकाच्या पातळीप्रमाणे शिकवतो. विचारा, कसं ते दाखवा. बऱ्याचदा हुशार मुलीला पुढचं वर्कशीट मिळतं आणि ती कोपऱ्यात एकटी बसते, याला डिफरन्शिएशन म्हणायची माझी तयारी नाही.

पण (हा पण मोठा आहे) आपले लोक फक्त "किती पुढे" एवढंच मोजतात ते पण चूक आहे. माझ्याकडे वीकेंडला मुलं येतात गणिताला, हौस म्हणून करतो. क्लासला जाऊन दोन वर्षं पुढे असलेल्या मुलांना मी हे देतो: टाकी २/५ भरलीये, अजून १८ गॅलन घातलं की ७/१० भरते, टाकी केवढी? समीकरण मांडतात, कुणी कुणी छेद समान करताना गडबडतं, उत्तर येतं ६०. मग म्हणतो आता एक्स न वापरता मला समजव. शांतता. ज्या मुलांनी बार मॉडेल काढून गणित शिकलंय ती एक लांब पट्टी काढतात, दहा भाग करतात, आधी चार भरले होते आता सात झाले, म्हणजे तीन भाग म्हणजे १८, एक भाग ६, झालं. ही मुलं अल्जिब्रात नंतर अडकत नाहीत कारण एक्स म्हणजे काय हे त्यांनी पट्टीवर बघितलेलं असतं. शाळेत असं शिकवतात का ते बघा. सहावीच्या एका चाचणीचा कागद मागा, उत्तराला किती मार्क आणि मांडणीला किती ते दिसेल.

टोकदार

बार मॉडेल फुकटात पुस्तकात मिळतं. 🙂

बरं, पण मार्क लिहिण्याबद्दल कुणी बोललं नाही अजून. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाला अशा शाळेतून रिपोर्ट कार्ड येतं त्यात ग्रेडच नसते, चार पानी वर्णन. "तो चर्चेत उबदारपणे सहभागी होतो." अरे पण त्याला गुणाकार येतो का?

पाटीपेन्सिल

ही टीका मान्य. नॅरेटिव्ह कमेंट्स चांगल्या लिहिल्या तर पालकाला ग्रेडपेक्षा दहापट कळतं, पण त्या लिहायला एका मुलामागे निदान अर्धा तास जातो आणि साठ मुलं असली की पन्नासाव्या मुलापर्यंत सगळेच उबदारपणे सहभागी व्हायला लागतात. नमुना मागा तुम्ही. त्यात मुलाने केलेल्या एखाद्या कामाचा नावानिशी उल्लेख असेल आणि पुढे काय करायचं हे असेल तर ती कमेंट खरी.

आणि मोजमाप अगदीच नसतं असं नाही. बऱ्याच शाळा ईआरबी या संस्थेची सीटीपी नावाची परीक्षा घेतात, काही मॅप नावाची घेतात. सीटीपीच्या निकालात तीन वेगवेगळे गट असतात तुलनेला, देशभरातली मुलं, सबर्बन पब्लिक शाळांतली मुलं आणि इंडिपेंडंट शाळांतली मुलं. पहिल्या वर्षी पालकांचे फोन येतात, आमची मुलगी एकदम खाली कशी गेली? ती खाली गेलेली नसते, तुलनेचा गट बदललेला असतो. देशाच्या गटात वर असलेलं मूल इंडिपेंडंटच्या गटात बरंच मधे दिसतं. शाळेला विचारा की गटाचे निकाल पालकांना दाखवता का. आमच्याकडे दाखवतात, सगळीकडे नाही दाखवत.

झुळूक

हे सोनं आहे सगळं, वहीत लिहून घेतेय. सायन्सबद्दल कुणी सांगेल का? गाइडमधे लिहिलंय "हँड्स ऑन", पण हँड्स ऑन तर सगळेच लिहितात.

उंबरठा

लॅब नोटबुक मागा! थोरलीची अजून आहे माझ्याकडे. सातवीत पेंड्युलमचा प्रयोग होता. टीचरने दोरी, वॉशर आणि स्टॉपवॉच दिलं आणि एकच प्रश्न, एका झोक्याला लागणारा वेळ कशाने बदलतो? कृती दिलेली नाही. हिच्या ग्रुपने पहिल्यांदा एकेक झोका मोजला आणि आकडे असे काही आले की पूछो मत, कारण स्टॉपवॉच दाबण्यातच चूक होते. टीचर नुसते बघत होते. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, दहा झोके मोजून दहाने भागू. मग वॉशर वाढवले, वेळ तोच. ग्रुपमधला एक मुलगा ऐकेचना, जड वस्तू हळू जाणारच म्हणून, त्याने आणखी वॉशर लावले, तरी तोच. मग लांबी बदलली. पाव मीटरला साधारण एक सेकंद, एक मीटरला साधारण दोन. म्हणजे लांबी चौपट आणि वेळ फक्त दुप्पट. त्यावर तिने लिहिलंय "हे विचित्र आहे, चौपट का नाही?" आणि टीचरचा शेरा, "हा प्रश्न जपून ठेव, आलेख काढताना लागेल." सूत्र सातवीत दिलंच नाही, पण आता दहावीत वर्गमूळ असलेले आलेख आले तेव्हा तिला तो पेंड्युलम आठवला.

तर वहीत चुकलेले आकडे खोडून ठेवलेले दिसतात का ते बघा. सगळ्या मुलांच्या वहीत एकसारखी कृती आणि एकसारखं उत्तर असेल तर हात फक्त वस्तूंना लागले, बाकी सगळं टीचरने केलं.

अर्धविराम

सगळं वाचलं, कुणीच लर्निंग सपोर्टबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. पब्लिक शाळेत त्याचा आयईपी (अशा मुलासाठी शाळेने लेखी ठरवलेली मदतीची योजना) होता, स्पेशालिस्ट आठवड्यातून चार वेळा. इंडिपेंडंट शाळेत जायचं ठरवलं तेव्हा कुणी आम्हाला नीट सांगितलं नाही की आयईपी तुमच्याबरोबर येत नाही. आयईपीचा कायदा पब्लिक डिस्ट्रिक्टला बांधतो, इंडिपेंडंट शाळेला नाही. डिस्ट्रिक्टने मुलाची तपासणी फुकट करून द्यायची जबाबदारी राहते, मूल प्रायव्हेट शाळेत असलं तरी, आणि थोडीफार सेवा मिळू शकते, पण आधीसारखा हक्क राहत नाही. शाळा (धार्मिक संस्थेची नसेल तर) अपंगत्वावरून भेदभाव करू शकत नाही, १९९० चा एडीए हा अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे त्याला, म्हणून परीक्षेत जास्त वेळ, ऑडिओबुक वगैरे बहुतेक ठिकाणी देतात. पण वाचन शिकवायला प्रशिक्षित माणूस शाळेत आहे का, आणि त्याचे तास फीमधे धरलेत की वेगळे पैसे, हे तोंडी नाही, लेखी विचारा.

आम्ही ज्या शाळेत गेलो तिथे लर्निंग सेंटर म्हणून एक सुंदर खोली होती, बीनबॅग्ज वगैरे. त्या खोलीत एकच बाई, संपूर्ण मिडल स्कूलला. बाई जीव टाकायच्या पण अर्धा वेळ त्या परीक्षेच्या सुपरव्हिजनलाच. आम्ही दीड वर्षाने परत पब्लिकला आलो. सगळ्याच शाळा अशा नसतात, माहितीये मला, काही शाळा तर याच मुलांसाठी असतात. पण झुळूक, मुलगी हात वर करत नाही म्हणालात, ते स्वभावामुळे की वाचताना मागे पडते म्हणून, हे एकदा बघून घ्या. आमच्याकडे तिसरीपर्यंत सगळे "शांत मुलगा आहे" म्हणत होते.

झुळूक

@अर्धविराम, थँक यू, खरंच. वाचन तिचं चांगलं आहे, पुस्तकं फस्त करते, तरी टीचरशी बोलते.

निवांत

इतक्या प्रतिसादांत अजून "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" आलं नाही, नोंद घ्यावी.

अवांतर: अमेरिकेतसुद्धा "त्यांच्या वेळी" नव्हतं. आधी आठवीपर्यंत एक शाळा आणि मग हायस्कूल. १९०९ मधे ओहायोतल्या कोलंबसला ज्युनियर हाय सुरू झालं, सातवी ते नववी, आणि ते म्हणजे छोटं हायस्कूलच. १९६३ मधे विल्यम अलेक्झांडर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने कॉर्नेलला भाषण दिलं की या वयाच्या मुलांना हायस्कूलची लहान आवृत्ती नको, वेगळी शाळा हवी. अ‍ॅडव्हायझरी, टीम टीचिंग हे सगळं त्या वाटेने आलं. अवांतर समाप्त.

पाटीपेन्सिल

अवांतर कसलं, याचा थेट संबंध आहे! शाळा सहावी ते बारावी आहे, की केजी ते आठवी, की फक्त सहावी ते आठवी, यावर अ‍ॅकॅडमिक्स बरंच ठरतं. सहावी ते बारावी असेल तर हायस्कूलचे डिपार्टमेंट हेड वरून खाली बघतात, नववीला आम्हाला अमुक यायला हवं, म्हणून सातवीतच तयारी. फायदा म्हणजे सलगता, तोटा म्हणजे बारा वर्षांच्या मुलांना मिनी हायस्कूल. आठवीला संपणारी शाळा असेल तर आठवीतली मुलं शाळेत सगळ्यात मोठी, सगळी जबाबदारी त्यांच्यावर, त्यातून ती फुलतात, पण आठवीचं निम्मं वर्ष नववीच्या अर्जात जातं. शरद ऋतूत एसएसएटी किंवा आयएसईई या प्रवेशपरीक्षा, मुलाखती, शिफारसपत्रं, जानेवारीच्या आसपास अर्ज, मार्चमधे निकाल. त्या काळात मी आठवीला शिकवत नाही म्हणून देवाचे आभार मानते. झुळूक, तुमची शाळा कुठली यातली?

झुळूक

केजी ते आठवी. पण आम्ही नववीला पब्लिकलाच जाणार, त्यामुळे ते अर्जांचं नको.

उंबरठा

मग एक काम आत्ताच करा, तुमच्या पब्लिक हायस्कूलला फोन करून विचारा की बाहेरून येणाऱ्या मुलांना गणित आणि भाषेत कसं बसवतात. आमचा गणितातला तोटा तिथेच झाला. शाळेने आठवीत अल्जिब्रा शिकवलं होतं पण शेवटचे क्वाड्रॅटिक्सचे (वर्गसमीकरणांचे) धडे राहून गेले, कोर्सचं नाव अल्जिब्रा वन, पुस्तक तीन चतुर्थांश. हायस्कूलने प्लेसमेंट टेस्ट घेतली आणि परत अल्जिब्रा वनला बसवलं. मोठा गळा काढायची गोष्ट नाही, पण लेक चिडली होती.

भाषेचंही तेच. मिडल स्कूलमधे सातवी-आठवी मिळून साधारण हायस्कूलची पहिली पातळी होते, पण ती सगळीकडे धरतात असं नाही. कॅलिफोर्नियात असाल तर यूसीवाले (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सातवी-आठवीत केलेलं हायस्कूल पातळीचं गणित आणि भाषा अट पूर्ण करायला मोजतात, जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरत नाहीत.

बेरीजवजाबाकी

"कोर्सचं नाव अल्जिब्रा वन, पुस्तक तीन चतुर्थांश." हे वाक्य कुणीतरी सगळ्या ओपन हाउसमधे लावा रे.

टोकदार

मी विरोधात बोलायला आलो होतो पण धागा चांगला चाललाय. होमवर्कचं विचारा झुळूक. ते इयत्तेमागे दहा मिनिटांचं सूत्र आहे ना, सातवीला सत्तर मिनिटं, त्याच्या दुप्पट असेल तर मुलगी पुस्तकं फस्त करायची बंद होईल. आणि निबंध घरून लिहून आणायचे असतील तर कोण लिहितं हाही प्रश्न आहेच, २०२२ मधे चॅटजीपीटी आल्यापासून.

पाटीपेन्सिल

आम्ही पहिला खर्डा वर्गात, हाताने, कागदावर लिहायला लावतो हल्ली. मुलं कुरकुरतात, अक्षर भयंकर आहे सगळ्यांचं. पण वर्गात लिहिलेल्या खर्ड्यावरूनच मला कळतं की कोण कुठे अडलंय.

झुळूक

अपडेट. काल शाळेत जाऊन आलो. लेक दिवसभर सहावीच्या वर्गांत बसली, आम्हाला मिडल स्कूल हेड आणि गणिताच्या टीचरबरोबर पाऊण तास मिळाला.

तपासलेलं लिखाण मागितलं. हेडबाई जरा थबकल्या, मग स्वतः जाऊन सातवीचे चार निबंध घेऊन आल्या. तीन चांगले तपासलेले होते. एकावर समासात "हा शब्द तू तीनदा वापरलास, तिन्ही वेळा अर्थ वेगळा आहे, नक्की कोणता?" असं लिहिलं होतं, नवरा ते वाचून गप्पच झाला. चौथा निबंध दुसऱ्या टीचरचा होता आणि त्यावर फक्त एक स्टिकर. मी विचारलं. त्या म्हणाल्या, नवीन शिक्षक आहेत, त्यांच्याबरोबर आम्ही काम करतोय. लपवलं नाही हे आवडलं, पण माझी मुलगी त्याच शिक्षकाकडे गेली तर, हे डोक्यात आहेच.

गणितात सातवीपासून दोन स्तर, आठवीत एका स्तराचं अल्जिब्रा पूर्ण, दुसऱ्याचं दोन वर्षांत पसरलेलं. मी क्वाड्रॅटिक्स होतं का विचारल्यावर गणिताच्या बाई हसल्या, म्हणाल्या, दोन वर्षांपूर्वीपर्यंत घाई व्हायची म्हणून आता संख्याशास्त्राचा धडा सातवीत हलवलाय. स्तर सहावीच्या शेवटी ठरतात, मधे बदलता येतात पण गेल्या वर्षी एकच मूल बदललं. सीटीपी घेतात, गटाचे निकाल पालकांना दाखवत नाहीत, फक्त आपापल्या मुलाचे. ते खटकलं. लॅबच्या वह्या मात्र भरपूर खाडाखोड केलेल्या.

लेकीला विचारलं कसं वाटलं, तर म्हणाली इतिहासाच्या तासाला टीचरने तिला काही विचारलंच नाही, पण तास संपल्यावर येऊन म्हणाले की तू ऐकत होतीस ते मला दिसलं, तुला काय वाटलं? आणि ती बोलली म्हणे.

डिपॉझिट भरायला शुक्रवारपर्यंत वेळ आहे. नवरा अजून आकडे मांडतोय. @बेरीजवजाबाकी, त्यांनी ऑगस्टमधे एक गणिताची तपासणी असेल म्हटलंय, सहावीला येणाऱ्या सगळ्यांची. उन्हाळ्यात काही करून घ्यावं का?

बेरीजवजाबाकी

अपूर्णांकांचा भागाकार आणि गुणोत्तर, बास. रोज दोन गणितं, पट्टी काढून. क्लास लावू नका, नाहीतर तपासणीत क्लास दिसेल, मुलगी दिसणार नाही, आणि मग चुकीच्या जागी बसवतील. आणि तो एकच मुलगा किंवा मुलगी जी वरच्या स्तरात गेली, ती कोणत्या महिन्यात गेली ते मेल करून विचारा. सप्टेंबरमधे गेली असेल तर ती फक्त चुकीची दुरुस्ती होती, जानेवारीनंतर गेली असेल तर मधे बदलता येतं हे खरं मानायला हरकत नाही.

झुळूक

विचारते, उद्याच मेल टाकते.